पर्यावरण कायदा शिकायचाय? आधी तारीख बघा

प्रवेशाचे दिवस आले की पर्यावरण कायद्याच्या शिक्षणाबद्दल तेच प्रश्न आलटूनपालटून येतात. निवडक पत्रांना इथे एकदाच उत्तरं देतो.

बीएस्सी (वनस्पतिशास्त्र) झालंय. कायद्याकडे वळता येईल का?

येईल. तीन वर्षांचं एलएलबी, त्याआधी राज्याची सीईटी. खुल्या गटाला पदवीत 45 टक्के लागतात. तुमच्या गटाचं माहितीपत्रकात बघा. वनस्पतिशास्त्र विसरू नका. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालातली झाडांची यादी दुसऱ्या जिल्ह्यातून उचललेली आहे, हे वकिलाआधी तुम्हाला कळेल.

सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला की ‘पर्यावरण वकील’ होता येतं, असं जाहिरातीत आहे.

जाहिरातीत असेल. वकिलीला बार कौन्सिलमान्य कॉलेजचं एलएलबी, सनद म्हणजे वकिलीचा परवाना आणि अखिल भारतीय बार परीक्षा लागते. दूरशिक्षणाच्या एलएलबीवरही सनद मिळत नाही. ‘शेवटच्या तीन जागा’ म्हणे! ऑनलाइन वर्गातल्या जागा संपतात कशा, हे मला अजून कळलेलं नाही. फी भरण्याआधी कॉलेजची मान्यता तपासा.

पर्यावरणाचं काहीही असलं की हरित न्यायाधिकरणात जायचं, हे खरं ना?

नाही. हे ऐकीव ज्ञान आता कंटाळा आणतं. हे न्यायाधिकरण ज्या 2010 च्या कायद्याने आलं, त्याला जोडलेल्या सूचीतल्या सातच कायद्यांचे वाद तिथे चालतात: पाणी, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता वगैरे. 1972 चा वन्यजीव कायदा त्यात नाही, 2006 चा वनहक्क कायदाही नाही. तुमचं प्रकरण कुठे बसतं, ते कागद दाखवून वकिलाला विचारा.

सिंधुदुर्गात आमच्या गावाजवळच्या खाणीला पर्यावरण मंजुरी मिळाल्याची जाहिरात मागच्या महिन्यात पेपरात आली. मी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. शिकून झाल्यावर गावाची केस मीच लढवायची ठरवलंय. कोणते विषय निवडू?

विषय राहू द्या. ती जाहिरात शोधा आणि तिच्यावरची तारीख बघा. न्यायाधिकरणाच्या त्याच 2010 च्या कायद्याच्या कलम 16 प्रमाणे मंजुरीविरुद्धचं अपील 30 दिवसांत करायचं असतं. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस मिळू शकतात. म्हणजे फार तर 90. त्यापुढचा विलंब माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणालाच नाही. तुम्ही सनद घेऊन याल तोवर अपील गेलेलं असेल, कदाचित डोंगरही.

एक गृहस्थ माझ्याकडे असाच आदेश घेऊन आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत, कोपरासुद्धा दुमडलेला नाही. ‘सरपंच म्हणाले, दिवाळी होऊ दे.’ मी दिवस मोजले: 104. मुद्दे भक्कम होते. अहवालाच्या नकाशात गावचा ओढाच नव्हता. मी सगळं वाचलं आणि पिशवी परत दिली.

मुदत आदेश कळवल्यापासून धरतात, आणि तो कळवला कधी यावरच निम्मी भांडणं होतात. प्रकल्पवाल्याने पेपरात जाहिरात द्यायची असते, ग्रामपंचायतीला प्रत पाठवायची असते. ती जाहिरात टेंडर नोटिसा आणि ‘हरवले आहे’च्या मध्ये बोटभर जागेत येते. ‘मी तो पेपर घेत नाही’ या सबबीवर फार विसंबू नका. उद्याच ग्रामपंचायतीत जाऊन आवक रजिस्टर बघा, प्रत कधी आली ते टिपा, पानाचा फोटो काढा. मंजुरीचा आदेश, अहवाल आणि जनसुनावणीचं इतिवृत्त एका फाइलला लावा. याच आठवड्यात ती फाइल घेऊन न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात काम करणाऱ्या वकिलाला भेटा. पैशांची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अटही नाही. मला पुन्हा पत्र पाठवण्यात दिवस घालवू नका.

वकिली करायची नाही, धोरणाचा अभ्यास करायचाय. एलएलबी लागेल?

नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रम पुष्कळ आहेत. मात्र 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना मुळातून वाचा, नोट्समधून नको. आणि प्रवेशाआधी त्या विभागातल्या आजी-माजी विद्यार्थ्यांशी बोला.

इंग्रजी कच्चं आहे. जमेल?

कच्चं राहून नाही जमणार. पण मराठीही लागते. जनसुनावणीआधी अहवालाचा मराठी सारांश द्यावा लागतो, आणि तो मूळ इंग्रजीशी ओळीला ओळ लावून बघणारं गावात सहसा कोणी नसतं. एखाद्या वकिलाच्या हाताखाली हे काम पहिल्या वर्षापासून करता येतं.