सोनगीरच्या नाक्यावर रस्त्याचा खर्च वसूल झाला की टोल बंद व्हायला हवा ना? हिशेब कुठे मिळेल?

नाही, बीओटी (कंपनी रस्ता बांधते, टोल घेत चालवते आणि मग सरकारला सोपवते) रस्त्यावर टोल खर्च वसुलीवर नाही, करारातल्या मुदतीवर चालतो. पैसे आधी फिटले तरी कंपनी मुदत संपेपर्यंत घेते. मुदत संपली की रस्ता सरकारकडे येतो, टोल तरीही सुरू राहू शकतो.

खरी मेख मुदतीतच आहे. महामार्गांच्या नमुना करारात ठरलेल्या तारखेला अपेक्षित वाहतूक तपासतात. ती कमी भरली तर दर एक टक्क्यामागे मुदत दीड टक्का वाढते, कमाल 20 टक्के. जास्त भरली तर मात्र पाऊणच टक्का घटते, कमाल 10. म्हणजे झुकतं माप कोणाला, ते उघड आहे.

हिशेबासाठी आधी महामार्ग प्राधिकरणाच्या 'टोल इन्फर्मेशन सिस्टीम' या संकेतस्थळावर नाक्याचं नाव टाका. भांडवली खर्च, एकूण वसुली, मुदत दिसते. करार आणि वाहतूक मोजणीचे अहवाल हवे असतील तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा, पण कंपनीकडे नको, प्राधिकरणाकडे. 'व्यावसायिक गुपित' म्हणून नकार आला (येतोच बहुधा), तर कलम 8(1)(घ) मधल्या व्यापक लोकहिताच्या अपवादावर 30 दिवसांत पहिलं अपील टाका.

हे सगळं बीओटीपुरतं. जळगावकडचा तरसोद-फागणे रस्ता हायब्रीड ॲन्युइटीचा आहे. तिथे 40 टक्के खर्च सरकार बांधकामावेळीच देतं, उरलेला हप्त्यांनी, आणि टोल प्राधिकरणाकडे जातो.