घराला पार्किंग नाही, गाडी रस्त्यावरच लावावी लागते. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

कोणाच्या फाटकात गाडी लावायची नाही हे तुम्हाला कळतं, नाहीतर हा प्रश्नच पडला नसता. मी सांगतोय ते फाटकासमोरच्या, रस्त्याच्या पलीकडच्या कडेबद्दल. तिकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि माझं सात वर्षांचं भांडण नेमकं तिथंच अडकलंय.

आमची गल्ली १८ फुटी. टेपने मोजली आहे, रविवारी सकाळी, बायको खिडकीतून "आत या, लोक बघतायत" म्हणत असताना. समोरचे काका गाडी त्यांच्याच भिंतीला लावतात, पण बरोबर आमच्या फाटकासमोर. "तुमचं फाटक मोकळं आहे ना? मग?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऐकायला बिनतोड!

आता हिशेब बघा. त्यांची गाडी आणि भिंतीजवळची फट मिळून साडेसहा फूट गेले, उरला साडेअकरा फूट रस्ता. माझी गाडी १३ फूट लांब. निम्मी बाहेर येईपर्यंत स्टिअरिंग फिरवताच येत नाही. आधी फिरवलं की मागचं दार खांबाला घासतं, कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत न जाता आतून वळण कापतात. आणि निम्मी बाहेर आली की काकांचा दरवाजा माझ्या नाकापासून पाच फुटांवर. गाडीला पूर्ण वळायला किती जागा लागते ते तिच्या पुस्तकात बघा, पाच फुटांत काय होणार?

एकदा आईला पहाटेच्या ट्रेनला सोडायचं होतं. नऊ वेळा पुढे-मागे केलं, दहाव्या वेळी मागचा बंपर खांबावर. रिव्हर्सच्या पीं-पींने अख्खी गल्ली जागी झाली. काका गॅलरीत आले आणि म्हणाले, "आमचा आरसा बघा हो!"

संध्याकाळी जाऊन सांगितलं, काका, गाडी आठ-दहा फूट पुढे घ्या, तुमच्याच भिंतीला जागा आहे. तर म्हणे तिथे झाड आहे, पक्षी घाण करतात. मी म्हटलं, धुतली की जाते. "मग तुम्ही धुणार का?" मी रागाच्या भरात हो म्हणालो. दोन रविवार धुतलीसुद्धा. तिसऱ्या रविवारी त्यांना टपावर डाग दिसला आणि गाडी परत जागेवर. असो.

तर गाडी लावल्यावर खाली उतरा, मागे वळून बघा. समोर फाटक असेल तर पुढे सरका. दोन गाड्यांच्या जागेत मधोमध एकटी गाडी उभी करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, घरात लहान मुलं आहेत. कोपऱ्यावर लावू नका, वळणाऱ्याला समोरचं दिसत नाही. समोरच्या कडेला आधीच गाड्या असतील तर अरुंद गल्लीत दुसऱ्या कडेला लावायचीच नाही. आमच्या १८ फुटांत दोन्हीकडे लावल्या तर मधे पाचच फूट उरतात आणि अग्निशमनचा बंब साधारण आठ फूट रुंद असतो. काचेवर फोन नंबर ठेवा, गावाला जाताना चावी शेजारी द्या. बाकी बारीकसारीक तुम्हाला सुचेलच.

रस्ता ३० फुटी असेल तर माझं वरचं निम्मं उत्तर सोडून द्या. गल्लीत सम-विषम तारखांची पाटी असेल तर तीच पाळा, माझं ऐकू नका. आणि हो, सार्वजनिक रस्त्यावरची जागा कोणाच्या बापाची नसते, तेव्हा कुंड्या ठेवून ती अडवणं चूकच. मी एकदा ठेवल्या होत्या, काकांच्या जागेवर, पाच कुंड्या. त्यांनी रोज पाणी घातलं, एकही परत केली नाही. त्यातला मोगरा आता त्यांच्या गॅलरीत फुलतो.

तुमच्या गल्लीत झाडाखालची जागा रिकामी दिसली तर ती घ्या. धुवायला शेजारी मिळाला तर उत्तम, नाहीतर बादली आपली.