आईला सुपरवायझर व्हायचंय, पण रजिस्टर लिहिता येत नाही

प्रश्न : मी नागपूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई ४२ वर्षांची. एका खासगी दवाखान्यात ठेकेदाराकडून साफसफाईच्या कामावर आहे. गावी तिसरीतच शाळा सुटली. सही करते, बाकी लिहिणं-वाचणं विसरली. ठेकेदार तिला सुपरवायझर करायला तयार आहे, पण हजेरीचं रजिस्टर आणि मोबाईलवरची हजेरी तिलाच सांभाळावी लागेल. आई म्हणते, "माझ्याच्यानं आता काय होते!" तिला कॉम्प्युटर क्लास लावून द्यावा का? सरकारची काही योजना आहे का?

उत्तर : ठेकेदाराने आईचं काम पाहूनच ही जागा देऊ केली आहे, हे आधी तिला सांग. कोणाला कुठल्या वॉर्डात लावायचं, कोण टाळाटाळ करतं, हे सुपरवायझरचं खरं काम तिला येतंच. अडलंय ते कागदावर, आणि तेवढं ४२ व्या वर्षी नक्की शिकता येतं.

कॉम्प्युटर क्लास मात्र आत्ता लावू नकोस. एमएस-सीआयटी चांगला कोर्स आहे, पण वाचता येणाऱ्यासाठी. स्क्रीनवरची ओळच लागत नसेल तर आई दोन-चार दिवसांत क्लास सोडेल. फी जाईल ती जाईल, तिचं मन उडालं तर पुन्हा बसवणं फार कठीण.

योजना आहे : 'उल्लास', म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम. केंद्र आणि राज्य मिळून २०२२ ते २०२७ या काळासाठी तो राबवत आहेत. वय १५ च्या पुढे कितीही चालतं, शहर-खेडं असा भेद नाही, फी नाही. अक्षरओळख आणि हिशेबासोबत मोबाईल, बँकेचे व्यवहार अशी रोजच्या गरजेची कौशल्यंही त्यात धरली आहेत. शेवटी चाचणी होते : वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण, एकूण १५०. महाराष्ट्रात पहिली चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं.

यात एक कच्चा दुवा आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांना मानधन नाही. इतकं मोठं काम फुकटच्या श्रमावर सोडायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण म्हणून थांबू नकोस. तू स्वतःच स्वयंसेवक म्हणून नाव नोंदव. एकट्या आईला मात्र शिकवू नकोस. लेकीसमोर चुकायची लाज फार वाटते. वस्तीतल्या किंवा तिच्याच कामावरच्या दोन-तीन बायका सोबत घे.

सुरुवात 'अ-आ-इ'पासून करू नकोस. दवाखान्यातल्या रजिस्टरच्या एका कोऱ्या पानाची झेरॉक्स आण. त्यावर काय असतं? नाव, पाळी, सही, खाडे. ज्या बायकांना आई रोज हाक मारते त्यांचीच नावं पहिले शब्द म्हणून घे. 'सुमन' लिहिता आलं की 'सु', 'म', 'न' ही अक्षरं हाताला लागली, मग त्यातूनच 'मन' आणि 'नमन'. हिशेबाचंही तेच. आई कॉटन मार्केटमध्ये भाजीचा हिशेब तोंडी चोख करत असेल. तिला बेरीज शिकवायची नाही, मनातली बेरीज कागदावर उतरवायला शिकवायची आहे. फिनाईलचे १२ कॅन आले, ५ लागले, उरले किती? उत्तर ती आधी तोंडाने देईल, मग तिच्याकडून आकडा लिहून घे.

मोबाईल त्याच दिवसापासून, पण फोन तिच्याच हातात राहू दे. आपल्याला घाई असते, आपण फोन ओढून घेतो आणि काम करून देतो, तिथेच शिकणं थांबतं. आधी हजेरीचं ॲप, मग फोन-पे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हे तिला पाठ करून दे. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करायचा. ग्रामीण भागासाठी असलेलं पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मार्च २०२४ मध्ये संपलं आहे. त्याच्या नावावर कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस.

उल्लासचं प्रमाणपत्र म्हणजे शाळेचा दाखला नव्हे. पुढे कुठे 'आठवी पास' मागितलं, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची किंवा राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची आठवीच्या समकक्ष परीक्षा देता येते. जन शिक्षण संस्थानातही नवसाक्षरांना नाममात्र फीत कामाचे कोर्स करता येतात, पण तिथे वयोमर्यादा ४५ आहे. म्हणून आईचं वर्ष वाया घालवू नकोस.

ठेकेदाराशीही बोलून घे. हजेरीचा रकाना भरता आला की पुरे, की महिन्याचा गोषवाराही काढावा लागेल? तीन-चार महिने एखाद्या लिहित्या सहकारणीसोबत जोडीने काम करू द्या, असं आईने स्वतः विचारावं.

या आठवड्यात आधार कार्ड घेऊन घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना 'उल्लासमध्ये नाव नोंदवायचं आहे' असं सांग. तिथे टोलवाटोलवी झाली तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (योजना) यांचं कार्यालय गाठ. लेखी अर्ज दे आणि पोच घे.