गिलावा होण्याआधी: घराच्या सुरक्षेबद्दल वाचकांचे प्रश्न

आमच्या घराच्या भिंती सध्या वायरिंगसाठी फोडलेल्या आहेत. इलेक्ट्रिशियन म्हणतो, कॅमेरे आता वाय-फायवर चालतात, उगाच वायर टाकून खर्च कशाला? त्याचं ऐकावं का?

नका ऐकू. भिंती फोडलेल्या आहेत म्हणूनच वायर आत्ता टाकायची. वाय-फाय कॅमेऱ्यालाही वीज लागतेच. बॅटरीवरचा घेतलात तर दर थोड्या महिन्यांनी शिडी लावून तो उतरवायचा, चार्ज करायचा आणि पुन्हा चढवायचा. हा उत्साह फार दिवस टिकत नाही. शिवाय दोन जाड भिंती किंवा एक स्लॅब मध्ये आला की सिग्नल मार खातो, आणि नेमका बाहेरच्या कोपऱ्यातला कॅमेरा सारखा बंद पडतो.

प्रत्येक संभाव्य जागेपर्यंत कॅट-६ केबल (इंटरनेटसाठी वापरतात ती नेटवर्क केबल) न्या. पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) प्रकारच्या कॅमेऱ्याला त्याच एका केबलमधून वीजही मिळते आणि चित्रही परत येतं, त्यामुळे तिथे वेगळा प्लग पॉइंट लागत नाही. नेटवर्क स्विचपासून (सगळ्या केबल जिथे जोडल्या जातात ती डबी) कॅमेऱ्यापर्यंत १०० मीटरची मर्यादा असते, घरात ती सहसा आड येत नाही. विजेच्या वायरी आणि ही केबल एकाच पाइपातून नेऊ देऊ नका. दोन्ही शेजारून जाणार असतील तर मध्ये अंतर ठेवा, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

कॅमेरे आज घ्यायचे नसतील तरी रिकामा पाइप टाकून आत ओढतार (पुढे केबल ओढून घ्यायची तार) ठेवून द्या. फाटकापाशी, मुख्य दारापाशी, मागच्या दारापाशी आणि गच्चीवर. गिलावा चढण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी टेकवून फोटो काढा. पुढे कुणी खिळा ठोकायला आला की हे फोटो उपयोगी पडतात.

बजेट बेताचं आहे. चार कॅमेरे बसवू की मुख्य दरवाजा बदलू?

दरवाजा. कॅमेरा चोर दाखवतो, अडवत नाही.

पण नुसतं महागडं कुलूप घेऊन दरवाजा मजबूत होत नाही. लाथ बसते तेव्हा कुलूप बहुधा शाबूत राहतं, फुटते ती चौकट. कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या पट्टीत शिरते ती उघडून बघा. पुष्कळ घरांत ती दोन आखूड स्क्रूंवर उभी असते, आणि तेही लाकडाच्या कडेपासून जेमतेम बोटभर आत. धक्का बसला की लाकडाची ढलपी निघते आणि पट्टीसकट सगळं मोकळं. जाड, लांब पट्टी बसवा आणि तिचे स्क्रू चौकट पार करून मागच्या भिंतीत, स्क्रूसाठी बसवलेल्या प्लगमध्ये, घट्ट जातील इतके लांब घ्या. नवी चौकट बसवणार असाल तर होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) भिंतीत नीट गाडले आहेत ना आणि चौकटीमागची पोकळी मसाल्याने पूर्ण भरली आहे ना, हे स्वतः उभं राहून बघा. सुतार गवंड्याकडे बोट दाखवतो, गवंडी सुताराकडे, आणि पोकळी तशीच राहते.

फळी भरीव हवी. टकटक केल्यावर डबडब आवाज आला तर ती आतून पोकळ आहे, असं दार आतल्या खोलीला चालेल. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीच्या पिना बाहेरून दिसतात आणि ठोकून काढता येतात. तिथे न निघणाऱ्या पिनांच्या बिजागऱ्या घ्या, किंवा बिजागरीच्या बाजूलाही दार बंद झाल्यावर चौकटीत शिरणारे पक्के खुंट बसवून घ्या. आणि सुतार चौकट करतोच आहे, तर तिच्या वरच्या आडव्या लाकडात मॅग्नेटिक सेन्सरसाठी (दार उघडलं की कळवणारा) भोक आणि वायरची वाट आत्ताच करून ठेवायला सांगा. नंतर बसवलेला सेन्सर दारावर चिकटलेल्या डबीसारखा दिसतो.

सासूबाईंचा आग्रह आहे की प्रत्येक खिडकीला पक्कं ग्रिल हवं. मला आगीची भीती वाटते. कोण बरोबर?

दोघीही. प्रत्येक झोपायच्या खोलीतल्या किमान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारा भाग ठेवा, माणूस सहज बाहेर पडेल एवढा. त्याला आतून कुलूप आणि किल्लीची एक ठरलेली जागा: खिडकीजवळच, पण बाहेरून हात घातला तर पोचणार नाही अशी. ती किल्ली घरातल्या प्रत्येकाला अंधारात चाचपडून सापडली पाहिजे. करून बघा, सासूबाईंनाही करायला लावा.

काचेबद्दल एक गैरसमज फार आढळतो. टफन्ड काच मजबूत खरी, पण एकदा फुटली की तिचे बारीक तुकडे होऊन सगळी खाली येते आणि वाट मोकळी होते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये चिवट थर असतो, ती तडकली तरी जागेवर टिकून राहते. ग्रिल नको असेल तिथे ही घ्या. स्लायडिंग खिडकीचा पल्ला वर उचलून ट्रॅकमधून काढता येतो का, तेही बाहेरून तपासा. येत असेल तर वरच्या ट्रॅकमध्ये अडकण बसवून घ्या.

स्मार्ट लॉकची बॅटरी संपली तर आपण बाहेरच अडकू का?

बरीच मॉडेल आधी सूचना देतात, आणि काहींना बाहेरून बॅटरी टेकवून तात्पुरती वीज देता येते. तरीही साध्या किल्लीची सोय असलेलंच घ्या, आणि ती किल्ली घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

दारावरच्या कॅमेऱ्यात माणूस काळाच दिसतो. नव्या घरात हे कसं टाळू?

मागे उजेड आणि पुढे चेहरा अशी मांडणी आहे. डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारी सोय) असलेला कॅमेरा घ्या आणि शक्य असेल तर त्याचं तोंड थेट उजेडाकडे ठेवू नका. उंचीही बघा. छज्ज्याखाली उंच टांगलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोप्या दिसतात. चेहरा ओळखू यायला दाराजवळचा कॅमेरा सात-आठ फुटांवर बरा. खिडकीच्या काचेमागे ठेवलेला कॅमेरा रात्री निरुपयोगी ठरतो, कारण त्याचाच इन्फ्रारेड उजेड काचेवरून परत येतो. रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोही उचलून नेतो. हवा खेळेल अशा कुलूपबंद कपाटात ठेवा, आणि राउटरसकट त्याला यूपीएस द्या.

काम चालू असताना घर अर्धं रिकामं असतं, माणसं सारखी येत-जात असतात. तेव्हा काय करावं?

काम संपेपर्यंत जुनंच कुलूप वापरा आणि कारागिरांना त्याच्याच किल्ल्या द्या. कुलपाचं नवं सिलिंडर (किल्ली घालतो तो भाग) शेवटचा कारागीर गेल्यावर बसवा. परांची बांधली की वरच्या मजल्याच्या खिडक्या तळमजल्याच्या झाल्या असं धरून चाला, आणि शिडी रात्री साखळीने बांधून ठेवा. कॅमेरे बसवणाऱ्याने पुष्कळदा स्वतःच्या मोबाइलवर ॲडमिन खातं (सगळे अधिकार असलेलं) उघडलेलं असतं. त्याचं बिल चुकतं करण्याआधी ते तुमच्या नावावर करून घ्या आणि पासवर्ड त्याच्यासमोर बदला.