कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडून आश्रय मागणारा माणूस गुन्हेगार ठरतो का?

नाही, निदान तेवढ्याच कारणावरून नाही. १९५१ च्या निर्वासित करारातलं कलम ३१ नेमकं याचसाठी आहे: जिवाच्या भीतीने थेट आलेला माणूस विनाविलंब अधिकाऱ्यांसमोर हजर झाला आणि सबळ कारण दिलं, तर हा करार स्वीकारलेल्या देशांना बेकायदा प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. साहजिक आहे, ज्या सरकारपासून पळायचं त्याच्याकडेच पासपोर्ट मागायला कोण जाईल?

त्याहून मोलाचं कलम ३३. जिथे जिवाला धोका, तिथे परत धाडायचं नाही. (अपवाद आहेत, पण मोजकेच.)

खरी गोची आश्रयाच्या अर्जावर अधिकारी घेतात त्या मुलाखतीत होते. छळ सोसलेल्याच्या तारखा मागेपुढे होतात आणि अधिकाऱ्याला तो खोटारडा वाटतो. मदत करायचीच तर वकील आणि चांगला दुभाषी मिळवून द्या, तेही मुलाखतीआधी.