ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल बदलायचं, की ते पैसे कर्जात भरायचे?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी 9 वर्षांची, 1,08,000 किमी चाललेली, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे नेणारी). गिअरबॉक्सचं तेल आजवर एकदाही बदललेलं नाही, कारण साधारण वापरासाठी ते बदलायला मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच नाही. सर्व्हिस सेंटर म्हणतं फ्लश करून घ्या, म्हणजे मशीनच्या दाबाने जुनं तेल ढकलून बाहेर काढा. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो हात लावू नका, जुन्या गिअरबॉक्समध्ये नवं तेल पडलं की तो निकामी होतो. तेवढीच रक्कम तुम्ही या महिन्यात गृहकर्जात जादा भरणार होतात. गाडी अजून 5 वर्षं वापरायची आहे.

माझं मत आधीच सांगतो. गिअरबॉक्स आज धडधाकट असेल तर तेल बदला आणि कर्जाचा जादा भरणा पुढे ढकला. गिअरबॉक्स आत्ताच स्लिप होत असेल, म्हणजे इंजिन जोरात फिरूनही ताकद चाकांपर्यंत नीट पोचत नसेल, तर तेलावर खर्च करू नका. एकच खर्च, पण पहिल्या परिस्थितीत तो संरक्षण आहे आणि दुसऱ्या परिस्थितीत वाया गेलेला पैसा. त्यामुळे निर्णयाआधी गिअरबॉक्सची अवस्था कळायला हवी, आणि ती तपासायला तेलबदलाच्या मानाने फार थोडे पैसे लागतात.

आता हिशेब. तुम्ही पाठवलेल्या दोन कोटेशनांनुसार गिअरबॉक्सची मोठी दुरुस्ती तेलबदलाच्या साधारण 20 पट आहे. तुमच्या कर्जाचा दर 8.5 टक्के. तेलाचे पैसे आज कर्जात भरले तर 5 वर्षांत व्याजाची बचत धरून एका रुपयाचे साधारण दीड रुपये होतात. म्हणजे तेलबदलाने निदान दीडपट परतावा द्यायला हवा. 20 पट खर्च टळण्याची शक्यता जर साडेसात टक्क्यांनी वाढत असेल, तर तो मिळतो. वेगळ्या शब्दांत, तुमच्यासारख्या 13-14 गाड्यांमधला एक गिअरबॉक्स जरी ताज्या तेलामुळे 5 वर्षांत वाचला, तरी हिशेब जुळतो. दुरुस्ती पाचव्या वर्षाऐवजी दुसऱ्या वर्षी आली तर ते पैसेही लवकर जातात, म्हणून पारडं तेलाच्या बाजूला आणखी झुकतं.

ही साडेसात टक्क्यांची अट मला मोठी का वाटत नाही, हे समजायला ते तेल करतं काय ते बघायला हवं. इंजिन ऑइलचं काम मुख्यतः वंगणाचं आणि थंड ठेवण्याचं. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, ते तर करतंच, शिवाय टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे नेतं, व्हॉल्व्ह बॉडीतून (तेलाच्या बारीक वाटा आणि झडपा असलेल्या भागातून) दाब देऊन गिअर बदलतं, आणि आतल्या क्लचच्या चकत्यांनी किती घट्ट पकडायचं तेही त्यातली रसायनं ठरवतात. उष्णता हा त्याचा मोठा शत्रू. तापमान वाढेल तसं तेल झपाट्याने ऑक्सिडाइझ होतं. म्हणून हळूहळू सरकणारी वाहतूक, घाट आणि जड ओझं ओढणं याला मॅन्युअलमध्ये बहुधा ‘कठीण वापर’ म्हणतात. तुमचं मॅन्युअल पुन्हा उघडून ते पान वाचा. रोज गर्दीत गाडी चालवणारे बरेच जण स्वतःला साधारण वापराच्या रकान्यात घालतात, आणि तिथेच गल्लत होते.

‘आयुष्यभर पुरणारं तेल’ या दाव्याबद्दल एवढंच सांगतो: अनेक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किमी किंवा जास्तीत जास्त 8 वर्षांनी तेल बदलायला सांगते. तुमचा गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा असू शकतो, पण तेल कायमचं टिकत नाही हे गिअरबॉक्स बनवणारेच मानतात.

तुमच्या मेकॅनिकची भीती मात्र पूर्ण निराधार नाही, म्हणून ती नीट बघू. क्लचच्या चकत्या आधीच झिजलेल्या असतील, तर तेलबदलानंतर स्लिप होणं जास्त जाणवू शकतं. जोरदार दाबाने फ्लश केल्यास साठलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकण्याचाही धोका असतो. पण अशा गिअरबॉक्सची झीज तेल बदलण्याआधीच झालेली असते, आणि त्रास सुरू झाल्याशिवाय तेल बदलायला कुणी जात नाही. दोष मात्र शेवटच्या कामावर येतो. यातून निघतो तो सल्ला ‘हात लावू नका’ असा नाही, ‘आधी तपासा’ असा आहे.

तपासणी अशी करून घ्या. स्कॅनरवर गिअरबॉक्सचे फॉल्ट कोड बघायला सांगा. गाडी थंड असताना आणि चांगली तापल्यावर, दोन्ही वेळा चालवून बघा: डी किंवा आर टाकल्यावर गाडी उशिरा पकड घेते का, चढावर आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही असं होतं का. मग थोडं तेल काढून पांढऱ्या कागदावर टाका. गडद तपकिरी रंग एवढ्या वयाला चालेल. करपलेला वास आणि बोटांना कचकच लागली तर काळजीचं कारण आहे. तेल गुलाबी दुधाळ दिसलं तर कूलंट मिसळतंय, मग आधी ती गळती आणि नंतर बाकी सगळं. खालचा पॅन उघडला की त्यातल्या चुंबकांकडे स्वतः बघा. करड्या रंगाचा मऊ लेप ही नेहमीची झीज आहे, बोटाने पुसला जातो. टोचणारे कण किंवा चकचकीत तुकडे सापडले तर पुढचा खर्च थांबवून दुरुस्तीचं कोटेशन आणि गाडीची आजची बाजारभावाची किंमत समोरासमोर मांडा.

एक अपवाद आहे. स्थिर वेगात रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी हलकी थरथर येत असेल, तर ती बऱ्याचदा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची (स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची) असते आणि ताज्या तेलाने अनेकदा जाते. तेवढ्यावरून गाडी विकायला काढू नका.

तपासणी चांगली आली तर फ्लशऐवजी साधं ड्रेन आणि फिल करा, म्हणजे निघेल तेवढं जुनं तेल काढून तेवढंच नवं भरा, आणि फिल्टर बदलता येत असेल तर तोही बदला. एका वेळी सगळं तेल निघत नाही, कारण बरंचसं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. समजा 40 टक्के निघालं. पहिल्या फेरीनंतर 60 टक्के तेल जुनं राहील, दुसऱ्या फेरीनंतर 36, तिसऱ्यानंतर जेमतेम 22. तुमच्यासाठी मी दोन फेऱ्या सुचवेन, मध्ये काही महिने जाऊ द्या. धोका कमी होतो आणि खर्चही दोन तुकड्यांत विभागला जातो. तिसरी फेरी केली तर उत्तम, पण दर फेरीला मिळणारा फायदा कमी होत जातो.

काटकसर तेलाच्या प्रकारात करू नका, इथे मी ठाम आहे. मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन लिहिलंय तेच हवं. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा) आणि डीसीटी (दोन क्लचचा) हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार, त्यांची तेलं वेगळी, आणि एटीएफमध्येही एकाच्या जागी दुसरं सर्रास चालत नाही. क्लचची पकड त्या रसायनांवर बेतलेली असते. वाचलेले चार पैसे तिथे महागात पडतात. शिवाय अनेक गाड्यांत या तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असताना तपासावी लागते. डिपस्टिक नसलेल्या गाडीत तर हे नीट माहीत असलेलाच माणूस हवा. तेल कमी पडलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर फेस होतो. मजुरी थोडी जास्त सांगणारा पण हे तापमान मोजणारा मेकॅनिक मी निवडेन.

वर्षभरात गाडी विकायचा विचार असता तर माझं उत्तर बदललं असतं. तेलबदलाचा खर्च विक्रीच्या किमतीत क्वचितच पूर्ण वसूल होतो. तेव्हा तेल राहू द्या, कर्जात भरा, असं सांगितलं असतं. 5 वर्षं वापरणाऱ्याने पावत्या मात्र जपाव्यात, त्यावर तेलाचं स्पेसिफिकेशन, लिटर आणि किमी लिहून घ्यावेत. पुढे विकताना एवढा कागद कामी येतो.

पैसे कुठून काढायचे? आपत्कालीन निधीतून नाही. 9 वर्षांच्या गाडीची देखभाल हा अचानक आलेला खर्च नव्हे, आणि तो निधी नोकरी जाणं किंवा आजारपण यासाठीच राहू द्या. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवूनही नाही, कारण तिथलं व्याज वरचा सगळा हिशेब उलटा करतं. या महिन्याच्या जादा भरण्यातून तपासणी आणि पहिली फेरी करा, उरेल ते कर्जात जाऊ द्या. पुढच्या महिन्यापासून त्याच रकमेचा छोटा हिस्सा गाडीच्या नावाने वेगळ्या बचत खात्यात टाका. दुसरी फेरी, टायर, ब्रेक, बॅटरी सगळं त्यातून होईल, आणि जादा भरणा पुन्हा अडणार नाही.