सॉर्ट आणि युनिक लावूनही मराठी यादीत डुप्लिकेट का राहतात?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मराठी शब्दांची एक मोठी यादी आहे, ती वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या मशीनवर टाईप केलेल्या फाईली जोडून बनलीय, लिनक्सच्या टर्मिनलवर नुसतं युनिक (डुप्लिकेट ओळी काढणारी कमांड) चालवलं तर ढीगभर डुप्लिकेट राहिले, आधी सॉर्ट (ओळी क्रमाने लावणारी कमांड) लावलं तर बरेच गेले पण काही जोड्या हटतच नाहीत, आणि रिझल्ट त्याच फाईलमध्ये सेव्ह करायला गेलात तेव्हा फाईलच रिकामी झाली.

पहिला भाग सोपा आहे. युनिक फक्त लागोपाठच्या दोन ओळींची तुलना करतं, दहा ओळी आधी काय येऊन गेलं ते त्याला आठवत नाही, म्हणून आधी सॉर्ट लागतंच. सॉर्ट डॅश यू एकाच कमांडमध्ये दोन्ही कामं करतं.

आता त्या हट्टी जोड्या. तुम्हाला स्क्रीनवर दोन सारखे शब्द दिसतात, पण युनिकला अक्षरं दिसत नाहीत, बाइट्स दिसतात, म्हणजे ती अक्षरं फाईलमध्ये ज्या आकड्यांनी साठवलेली असतात ते आकडे. तेव्हा अजून एखादी कमांड जोडून बघण्याआधी त्या ओळींमध्ये खरंच काय आहे ते उघडून बघा. बहुतेक ठिकाणी सांगतात की कॅट (फाईल छापून दाखवणारी कमांड) डॅश कॅपिटल ए चालवा, ओळीच्या शेवटी डॉलर दिसतो आणि फाईल विंडोजवरून आलेली असेल तर त्याच्या आधी टोपीचं चिन्ह आणि एम दिसतो. इंग्रजी फाईलला हे मस्त चालतं, देवनागरीला मात्र पार गोंधळ होतो, कारण तिथे जवळपास प्रत्येक अक्षराचे बाइट्स एम-डॅश-काहीतरी असे छापले जातात, त्यात मध्येच डॉलरही येतात, आणि शब्दाच्या शेवटी पाय मोडका (हलन्त) असेल तर तिथेही टोपी आणि एम उमटतो, म्हणजे विंडोजचा कचरा नसतानाही आहे असं वाटतं. म्हणून मराठीसाठी मी ओडी डॅश बी वापरतो, ते प्रत्येक बाइट तीन आकडी ऑक्टल नंबरमध्ये दाखवतं, आणि देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट्सचं असल्यामुळे तिनाचे गट पाडून आरामात वाचता येतं.

समजा "दुसऱ्या" हा शब्द दोनदा उरलाय. ग्रेपला (ओळी शोधणाऱ्या कमांडला) पूर्ण शब्द देऊ नका, कारण तुम्ही जसा टाईप कराल तेवढाच प्रकार सापडेल, फक्त "दुस" द्या आणि आउटपुट ओडीला पाईप करा, म्हणजे थेट ओडीच्या हातात द्या. एका ओळीत ३४० २४४ २६१ आणि मग ३४० २४५ २१५ दिसेल, म्हणजे युनिकोडमधला खास ऱ आणि त्याला हलन्त. दुसऱ्या ओळीत ३४० २४४ २६०, ३४० २४५ २१५, ३४२ २०० २१५ दिसेल, म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. कीबोर्डप्रमाणे लोक दोन्ही पद्धतींनी टाईप करतात आणि फॉन्ट दोन्हीकडे तोच चंद्रकोरीसारखा अर्धा र काढतो. तिसरा प्रकारही असतो, साधा र आणि खाली नुक्ता, तेव्हा मध्ये ३४० २४४ २७४ दिसतं. आणि ओळीच्या शेवटी ०१२ च्या आधी ०१५ दिसला तर तो विंडोजचा कॅरेज रिटर्न, ०४० दिसला तर चिकटून राहिलेली स्पेस. या दोन्हींसाठी सेडमध्ये (मजकूर बदलणाऱ्या कमांडमध्ये) एकच सब्स्टिट्यूट पुरतं, ओळीच्या शेवटची सगळी व्हाइटस्पेस रिकाम्याने बदला.

नुक्त्याचा प्रकार युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एका रूपात आणण्याने) जातो, आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीसोबत येणारं यूकॉन्व्ह एनएफसी मोडमध्ये चालवलं की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. पण जॉइनरवाला प्रकार त्याने जात नाही! युनिकोडच्या हिशोबात ते दोन वेगळे मजकूर आहेत, त्यामुळे नॉर्मलायझेशन त्यांना हात लावत नाही आणि लोक इथेच अडकतात. मग कोणीतरी सुचवतं की सरळ सगळे जॉइनर उडवून टाका. कृपा करून हे करू नका. जॉइनर काढला की र आणि हलन्ताचा रफार होतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्या जाऊन तिथे समुद्रवाला दर्या येतो, आणि यादीत खरा दर्या आधीच असेल तर युनिक दोघांना एक करून टाकेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. डुप्लिकेट राहिलेलं परवडलं, शब्द हरवलेला नाही परवडत.

त्यापेक्षा नेमकं तेवढंच बदला. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत कोडपॉइंट (युनिकोडमधला कॅरेक्टरचा नंबर) देऊन लिहा, ०९३०, ०९४डी आणि २००डी हे तीन सलग आले तर त्यांच्या जागी ०९३१ आणि ०९४डी, शेवटी जी लावा म्हणजे ओळीतल्या सगळ्या जागी होईल, आणि पर्लला डॅश कॅपिटल सीएसडी द्यायचं, नाहीतर ते फाईल सुटे बाइट्स म्हणून वाचतं आणि काहीच मॅच होत नाही. आधी आणि नंतर जॉइनर असलेल्या ओळी ग्रेप डॅश सी ने मोजा (बॅशमध्ये डॉलर, मग सिंगल कोटात बॅकस्लॅश यू २००डी), आकडा शून्य व्हायलाच पाहिजे असं नाही, कारण इतर जोडाक्षरं मोडून दाखवायलाही लोक जॉइनर वापरतात.

सगळं एकदम एका लांब ओळीत लिहू नका, एक टप्पा, मग हेड लावून पहिल्या काही ओळी बघा, मग पुढचा पाईप. क्रम असा ठेवा: आधी शेवटची व्हाइटस्पेस, मग नॉर्मलायझेशन, मग तो र, आणि सगळ्यात शेवटी सॉर्ट डॅश यू.

फाईल रिकामी झाली त्यात सॉर्टचा दोष नाही. > हे आउटपुट फाईलमध्ये लिहायचं चिन्ह दिसलं की शेल, म्हणजे तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, कमांड सुरू व्हायच्या आधीच ती फाईल उघडून शून्य करतं, मग सॉर्ट वाचायला जातं तर तिथे काहीच नसतं. पाईपमध्ये सगळ्या कमांड एकाच वेळी सुरू होतात म्हणून तिथेही बहुतेक वेळा हेच होतं. नवीन नावाने लिहा, डब्ल्यूसीने ओळी मोजा, पटलं तर एमव्हीने जुन्या नावावर हलवा. सॉर्टला डॅश ओ आहे, तो त्याच फाईलमध्ये लिहू शकतो कारण सॉर्ट सगळं वाचून झाल्यावरच लिहायला घेतं. आणि सेट डॅश कॅपिटल सी केलं तर शेल > ने असलेली फाईल पुसायला नकारच देतं, मी तर ते प्रोफाइलमध्येच टाकून ठेवलंय.

कुठला शब्द कितीदा आला ते पुढे मोजायचं असेल तर सॉर्ट, युनिक डॅश सी, सॉर्ट डॅश आरएन. १९८६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी याच कामासाठी लिहिलेल्या लांबलचक प्रोग्रॅमवर डग्लस मॅकिलरॉय यांनी सहा कमांडचा पाईप लिहून दाखवला होता, त्याच्या पोटात हेच तिघं आहेत, आणि शब्द सुटे करायला सुरुवातीला टीआर (कॅरेक्टर बदलणारी कमांड) आहे. ती सुरुवात मात्र मराठीला जशीच्या तशी लावू नका, लिनक्सवरचं ग्नू टीआर एकेक बाइट बघतं, देवनागरीची रेंज दिलीत तर अक्षरांचे तुकडे होतील. स्पेसच्या जागी नवी ओळ टाकण्यापुरतं ते ठीक आहे.

एवढं करूनही एखादी जोडी उरली तर त्या दोन ओळींचं ओडीचं आउटपुट इथे टाका, बघून सांगतो.